किण्वाची राखण : माडीच्या मडक्यापासून परळच्या प्रयोगशाळेपर्यंत



आपल्या ज्ञातीच्या पूर्वेतिहासाचा विषय निघाला की आपण अभिमानाने दोन गोष्टी सांगतो. सतराव्या शतकात मुंबई बेटाच्या रक्षणासाठी इंग्रजांनी जी स्थानिक शिबंदी उभारली, तीत भंडाऱ्यांचा भरणा मोठा होता, ही एक. आणि सरकारी मिरवणुकीच्या अग्रभागी भोंगळी वाजविण्याचा मान आपल्याकडे वंशपरंपरेने चालत आला, ही दुसरी. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत व सांगण्याजोग्या आहेत. परंतु ज्या व्यवसायावर आपल्या पूर्वजांच्या चुली पिढ्यान्‌पिढ्या पेटल्या, त्या माड-ताड छेवण्याच्या व्यवसायाचे नाव काढताच आपण आवाज खाली करतो. ज्ञातिनामाची व्युत्पत्ती सांगतानाही हाच संकोच दिसतो. काही विद्वान ‘भंडारी’ हा शब्द ‘भांडार’ या शब्दाशी जोडतात, तर काही ‘मंडहारक’ म्हणजे मद्य गाळणारा या संस्कृत शब्दाशी. आपण पहिली व्युत्पत्ती मुलांना सांगतो आणि दुसरी गिळून टाकतो.

प्रस्तुत लेखाचा हेतू मद्याची भलामण करण्याचा मुळीच नाही. दारूने गिरणगावातील किती संसारांची धूळधाण केली, हे परळ-लालबागच्या चाळींत वाढलेल्या माणसाला निराळे सांगावयास नको. येथे विचार करावयाचा आहे तो त्या व्यवसायाच्या पोटी असलेल्या एका विद्येचा. ती विद्या म्हणजे किण्वाची राखण : आंबविणारा जो सूक्ष्म जीव, ज्याला आज सर्वजण यीस्ट म्हणतात, तो जिवंत ठेवणे, थकला असता पुन्हा तरतरीत करणे व पुढच्या घाण्यास लावणे.

ही विद्या समजण्यास ग्रंथ उघडण्याची गरज नाही. स्वयंपाकघरात डोकावले तरी पुरे. आपल्या माताभगिनी रोज रात्री दुधास विरजण लावतात. काल लावलेल्या दह्यातील चमचाभर दही आज लावावयाचे, आजच्यातील उद्यासाठी राखून ठेवावयाचे, आणि कधी संपलेच तर शेजारच्या बिऱ्हाडातून वाटीत मागून आणावयाचे. विरजण फार दिवस तसेच राहिले तर आंबट होते, त्याचा जोर ओसरतो. मग थोड्या कोमट दुधात ते एकदोनदा लावून घेतले की पुन्हा घट्ट, गोड दही लागू लागते. दह्याचे जीव वेगळे व यीस्ट वेगळे. पण राखणीचा न्याय एकच. बीज जपावे, त्यास वेळेवर खाऊ घालावे आणि सगळे कधीही खर्चून टाकू नये.

आपल्या देशात या विद्येचा उल्लेख अतिशय जुना आहे. कौटिलीय अर्थशास्त्रातील सुराध्यक्षाच्या प्रकरणात मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय व मधु असे मद्याचे सहा प्रकार दिले असून, त्याच ठिकाणी ‘किण्वबंध’ कसा करावा हेही सांगितले आहे. उडदाचा कल्क, तांदूळ व मोरटा नामक वनस्पती यांपासून तो सिद्ध करीत. बंध म्हणजे आंबविणाऱ्या द्रव्याचा गोळा. हिमालयाच्या पायथ्याशी ‘मर्चा’ नावाच्या ज्या वाळविलेल्या चकत्या आजही करतात, त्या याच जातीच्या. ओले किण्व चार दिवसांत बिघडते. वाळविलेले महिनोन्‌महिने टिकते. हे तत्त्व या देशातील लोकांना सूक्ष्मदर्शक यंत्र येण्यापूर्वी शेकडो वर्षे ठाऊक होते.

कोकणकिनाऱ्यावर गोळा करण्याची व वाळविण्याची गरज पडली नाही, कारण तेथे किण्व झाडावरच नांदत असे. माडाची न उमललेली पोय बांधून घ्यावयाची, ती हलक्या हाताने ठोकून मऊ करावयाची, टोकाशी धारदार कोयतीने रोज पातळ काप घ्यावयाचा आणि खाली मडके अडकवावयाचे, अशी ती पद्धत. ठोका जास्त बसला तर पोय जखमी होऊन फुकट जाते. कमी बसला तर रस सुटत नाही. काप जाड घेतला तर पोय लवकर संपते. हे सर्व माडाच्या शेंड्यावर, एका हाताने तोल सांभाळून करावयाचे! ठिबकणारा ताजा रस साखरेने गोड असतो. परंतु त्यात वाऱ्याने, किड्यांनी आणि मुख्यतः मडक्याच्या छिद्राळ मातीत दडून राहिलेल्या कालच्या साक्याने किण्व उतरते. उन्हे चढू लागतात तसा रस फेसाळतो, आणि संध्याकाळपर्यंत त्यात शेकडा चार-पाच भाग मद्यार्क तयार होतो. तीच माडी. आणखी एकदोन दिवस ठेवली तर दुसऱ्या जातीचे जीव तिचा ताबा घेतात व तिचा शिरका बनतो.

म्हणजे मडके हेच भंडाऱ्याचे विरजणाचे भांडे होते. माडी लवकर चढावी असे वाटले तर मडके न धुता पुन्हा लावावयाचे; रस गोडच राहावा असे वाटले तर ते स्वच्छ धुऊन, वाळवून, आतून चुना फासून लावावयाचे. चुन्यामुळे किण्वाचे काही चालत नाही. तोच रस पुढे कढवून गूळ करावयास उपयोगी पडतो. एकाच झाडाचा एकच रस, पण मडक्याच्या पोटात काय ठेवले यावरून त्याचे पेय, गूळ किंवा शिरका यांपैकी काय व्हावयाचे ते ठरते. अक्षरशत्रू म्हणून ज्याची गणना झाली, त्या माणसाच्या हाती ही निवड होती.

या किण्वाने केवळ माडीच आंबविली असे नाही. पोर्तुगीज लोक गोव्यात आले तेव्हा त्यांना गव्हाचा फुगलेला पाव हवा होता. पण युरोपात पाव फुगविण्यास जे यीस्ट वापरीत ते येथे मिळेना. तेव्हा त्यांनी माडीच पिठात घातली, आणि ‘पाव’ हा पोर्तुगीज शब्द व तो पदार्थ दोन्ही येथे रुजले. गोव्याचे पोदेर माडीवरच पाव फुगवीत. पुढे गोमंतकीय कारागिरांबरोबर ही कला मुंबईतही आली. गोवा व मंगळूरकडील सान्ना आणि केरळातील अप्पम हे तांदळाचे पदार्थही परंपरेने ताडी-माडीनेच हलके होतात. परळच्या नाक्यावर गिरणी कामगाराने ज्या पावावर भूक भागविली, त्या पावाच्या मूळ पुरुषास माडाच्या शेंड्यावरील एका मडक्याने फुगविले होते, ही गोष्ट आपल्या मुलांना ठाऊक असावयास हवी.

आता याच विद्येचा पाश्चात्त्य देशांतील प्रवास पाहू. हॉलंडमधील लेव्हेनहूक याने १६८० साली आंबणाऱ्या बिअरचा थेंब आपल्या भिंगाखाली धरला व त्यात बारीक गोल कण पाहिले. ते सजीव आहेत हे समजण्यास मात्र १८३७ साल उजाडावे लागले. लुई पाश्चर याने १८५७ पासून केलेल्या प्रयोगांनी आंबणे ही जिवंत पेशींची क्रिया आहे हे सिद्ध केले, आणि १८७६ साली बिअरवरील आपल्या ग्रंथात ती कशाने बिघडते हेही दाखविले.

परंतु शास्त्रज्ञांच्या आधी कारागीर होतेच. कोपनहेगनचा बिअर-उत्पादक जे. सी. याकोबसेन याने १८४५ साली म्युनिकहून चांगल्या जातीचे यीस्ट दोन भांड्यांत भरून घोडागाडीने आपल्या गावी नेले. वाटेत प्रत्येक मुक्कामावर उतरून तो त्या भांड्यांवर गार पाणी ओतीत असे, असे सांगतात. कारण उघड आहे : ओले यीस्ट उष्णतेने लवकर थकते व मरते, थंडीत मात्र झोपी जाते व टिकते. त्याच याकोबसेनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन याने १८८३ साली एकाच पेशीपासून शुद्ध यीस्टचा वंश वाढविण्याची युक्ती सिद्ध केली. ही युक्ती व ते यीस्ट कार्ल्सबर्गने गुप्त ठेवले नाही. इतर कारखान्यांनाही दिले. शेजारणीला वाटीभर विरजण देण्याचाच हा प्रकार, फक्त मोठ्या प्रमाणावर. २०१६ साली त्याच प्रयोगशाळेने त्या काळातील एका जुन्या बाटलीतून जिवंत यीस्ट मिळवून त्यावर पुन्हा बिअर तयार केली. सव्वाशे वर्षांहून अधिक झोपलेला जीव जागा झाला!

हे जागे करणे कसे होते, ते थोडक्यात सांगतो. घरच्या उपयोगापुरती बिअर करण्यास ब्रिटनमध्ये १९६३ पासून परवान्याची अट राहिली नाही. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने तशी मोकळीक मिळाली. तेथील हौशी लोक ओले यीस्ट पाकिटातून विकत आणतात व शीतकपाटात गोठणबिंदूच्या थोडे वर ठेवतात. महिने लोटतात तशा त्यातील पेशी मरत जातात. असे जुने यीस्ट एकदम मोठ्या पिंपात ओतले तर ते दबून जाते व त्याआधी परके जीव माजतात. म्हणून मोड आणून वाळविलेल्या जवाचा अर्क, एक लिटर पाण्यास सुमारे शंभर ग्रॅम या प्रमाणात घेऊन उकळतात, वीस अंशांपर्यंत निववितात, त्यात यीस्ट घालून भांड्याचे तोंड सैल झाकतात व अधूनमधून हलवितात. एकदोन दिवसांत फेस येतो आणि तळाशी दुधाळ पांढरा साका बसतो. यीस्ट फारच जुने असेल तर आरंभ वाटीभर काढ्याने करून पायरीपायरीने माप वाढवावे लागते. वास पावासारखा, फळासारखा आला तर ठीक. कुजका आला तर निर्दयपणे फेकून द्यावयाचे. जिवंत किती व मेलेल्या किती हे पाहण्यास मेथिलीन ब्लू नावाचा निळा रंग वापरतात. मेलेल्या पेशी निळ्या होतात. जिवंत पेशी तो रंग आतल्या आत फिका करून टाकतात व पांढऱ्याच दिसतात.

बिअर झाल्यावर तळाचा साका उकळलेल्या स्वच्छ बरणीत घेऊन थंड ठेवला की काही आठवडे पुन्हा वापरता येतो. झाकण मात्र घट्ट लावावयाचे नाही, नाहीतर आतील वायूने बरणी फुटते. याहून दीर्घ काळासाठी प्रयोगशाळांतून तीन उपाय आहेत : परीक्षानळीतील तिरक्या घट्ट खाद्यावर वाढवून वर खनिज तेलाचा थर देणे, ग्लिसरीन मिसळून अतिशीत पेटीत गोठविणे, किंवा निर्वातात गोठवून वाळविणे. शेवटचा उपाय पाहिला की कौटिल्याच्या किण्वबंधाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. आपल्या राज्यात विनापरवाना घरी मद्य करणे आजही गुन्हा आहे, हे मात्र तरुण वाचकांनी विसरू नये. ही माहिती ज्ञानासाठी दिली आहे, प्रयोगासाठी नव्हे.

जिवंत बीज राखण्याच्या या विद्येचे एक थोर पीठ आपल्या परळातच आहे. १८९६ साली मुंबईत प्लेगने थैमान घातले तेव्हा वाल्डेमार हाफकिन येथे आले, आणि १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी आपली लस प्रथम स्वतःच्या अंगावर टोचून घेतली. १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये आली. १९२५ पासून तिला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव आहे. मांसाच्या काढ्याने भरलेल्या काचेच्या कुप्यांत प्लेगचे जंतू वाढवावयाचे, त्यांना तरंगण्यास आधार म्हणून वर तुपाचे थेंब सोडावयाचे, भरपूर वाढ झाली की उष्णतेने ते मारावयाचे व लस भरावयाची, असा तो क्रम होता. लसीतील जंतू मेलेले, पण बीज जिवंत ठेवावयाचे. ते संपले तर पुढची लस संपली. माडीचे किण्व आनंदासाठी, हे बीज प्राणरक्षणासाठी, इतके अंतर खरे. परंतु काढा, कुपी, उष्णतामान, स्वच्छता व बीजाची राखण या पाच गोष्टी दोहोंकडे सारख्याच. एका विद्येस संस्था, पगार व सन्मान मिळाला. दुसरीच्या वाट्यास काय आले ते पाहू.

१८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने माड छेवणे हा सरकारी परवान्याचा विषय झाला. झाडांवर क्रमांक पडले, झाडामागे कर बसला, आणि ज्याच्या आजोबाने परसातला माड आपल्या मर्जीने छेवला होता, त्याला त्याच माडासाठी कचेरीत उभे राहावे लागले. १ ऑगस्ट १९३९ रोजी काँग्रेस मंत्रिमंडळाने मुंबईत दारूबंदी जाहीर केली. ती महायुद्धाच्या काळात ढिली पडली. पुढे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला व १९५० पासून बंदी पूर्ण स्वरूपात अमलात आली. पुढील दशकात ती क्रमाक्रमाने सैल झाली, तरी तोपर्यंत पुष्कळ कुटुंबांनी कोयती खाली ठेवली होती.

या कायद्यातील एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. त्याने नीरेस वेगळे ठेवले. नीरा म्हणजे, आंबू नये म्हणून संस्कारिलेल्या भांड्यात धरलेला, न आंबलेला रस. म्हणजे चुना फासलेले मडके न्याय्य आणि न फासलेले गुन्हेगार! कायद्याची सारी रेषा किण्वाच्या अस्तित्वावरून ओढली गेली. ती रेषा कोठे पडते हे कायदा करणाऱ्यांहून चांगले जाणणारा माणूस झाडावर होता. परंतु त्याचा सल्ला कोणी विचारला असेल असे वाटत नाही. बंदीमागील हेतू शुद्ध होता, हे मान्य करूनही एवढे म्हणणे भाग आहे की व्यसनाबरोबर एक विद्याही हद्दपार झाली, आणि हातभट्टीचे विष मात्र मागे राहिले.

कोकणातून निघालेले आपले कुटुंबीय तत्पूर्वीपासूनच परळ, लालबाग, शिवडी, नायगाव येथील गिरण्यांत लागत होते. माडावर चढणारे पाय साच्यापुढे उभे राहिले. याच कामगारवस्तीत आपल्या ज्ञातीचे रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी १९०९ साली कामगार हितवर्धक सभा उभारण्यात पुढाकार घेतला, आणि ४ ऑगस्ट १९२३ रोजी सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा व शाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात संमत करवून घेतला. ज्या ज्ञातीच्या धंद्याकडे समाजाने खालच्या नजरेने पाहिले, तिच्या एका पुत्राने याहून अधिक अन्याय सोसणाऱ्यांसाठी पाण्याची दारे उघडण्याचा प्रयत्न केला. त्याने आपला जन्म लपविला नाही. मग आपण आपल्या आजोबांची कोयती का लपवावी?

गिरण्यांचे पुढे काय झाले हे सर्वांस विदित आहे. १८ जानेवारी १९८२ पासूनच्या संपानंतर एकेक भोंगा मुका होत गेला, आणि साच्यावरील कसबही त्या कामगारांबरोबरच वृद्ध झाले. शंभर वर्षांच्या आत आपल्या कित्येक घरांनी दोन धंदे गमावले. गिरणीविषयी निदान पुस्तके झाली, नाटके झाली, आठवणी छापल्या गेल्या. माडाविषयी आपल्या घरांतून काय लिहिले गेले?

दरम्यान काळाने एक चमत्कारिक वळण घेतले आहे. २००९ साली पुण्यात डूलाली नावाने लहान प्रमाणावर ताजी बिअर करणारे केंद्र निघाले, व त्यानंतर मुंबईतही तशी केंद्रे उघडली. जेथे गिरण्या होत्या त्याच भागात आज सुशिक्षित तरुण यीस्टच्या जातींची चर्चा करतात, आणि त्यासाठी परदेशांतून शीतपेटीत यीस्ट मागवितात. त्यांच्या व्यवसायास आता प्रतिष्ठा आहे. त्यात मत्सर करण्याचे कारण नाही; पण हे ज्ञान काल परदेशातून आले असे मात्र कोणी समजू नये.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक उपयोगाच्या सूक्ष्म जीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. तेथे यीस्टच्याही अनेक जाती नाव-क्रमांकानिशी जतन केलेल्या आहेत. जीव राखण्याची व्यवस्था देशात आहे. राखली जात नाही ती जीवाभोवतीची माणसाची समज. कोणत्या ऋतूत पोय कशी बांधावी, पावसाळी रस कसा वागतो, कोणत्या वासावरून मडके टाकून द्यावे, नवे मडके कसे मुरवावे, या गोष्टी कोणत्याही परीक्षानळीत मावत नाहीत. त्या फक्त माणसात राहतात, आणि माणसे जात आहेत.

यास्तव मंडळाच्या कार्यकारिणीपुढे व सभासद कुटुंबांपुढे एक नम्र सूचना ठेवतो. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड व पालघर या जिल्ह्यांत आपल्या नात्यागोत्यात अजून काही वडीलधारी मंडळी अशी असतील, ज्यांनी स्वतः माड छेवला आहे किंवा छेवताना पाहिला आहे. गणपतीस किंवा शिमग्यास गावी जाल तेव्हा त्यांच्याजवळ बसावे. हत्यारांची नावे, मडक्यांचे प्रकार, महिन्यामहिन्याचे काम, माप, भाव, परवान्याचे अनुभव, जे जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत वहीत उतरून घ्यावे. आपल्या मुलांच्या खिशातील दूरध्वनियंत्रात तर आवाजही साठविता येतो. त्या वह्या व ध्वनिमुद्रणे मंडळाच्या ग्रंथालयात ठेवावी, आणि त्यांतील निवडक भाग पुढील स्मरणिकेत छापावा. घरी जुनी कोयती, कमरपट्टा किंवा परवान्याचा कागद असेल तर मोडीत न घालता मंडळास दाखवावा. याला पैसा फार लागत नाही. लाज मात्र थोडी बाजूस ठेवावी लागते.

किण्वाचा धर्मच असा आहे की ते वापरले, वाटले व वेळेवर खाऊ घातले तर शतके टिकते, आणि कोनाड्यात झाकून ठेवले तर मुकाट्याने मरते. आपल्या ज्ञातिनामात भांडार आहे की मद्य आहे, हा वाद विद्वानांनी खुशाल करावा. जे बीज पूर्वजांनी मडक्याच्या पोटात राखले, ते कसे राखले एवढे तरी आपण कागदावर राखू या.